सखीरच्या उद्यानातला गोग्रास

सदानंद केनियाला चार दिवस जाऊन आला आणि बहरीनमधल्या माहूज वस्तीतल्या मराठी माणसांच्या शुक्रवारच्या सुट्टीची वाट लागली. प्रोजेक्टर काखेत मारून तो घरोघरी जायचा आणि भिंतीवर एकशे चाळीस स्लाइड दाखवायचा. त्यातल्या नव्वद एकाच सिंहाच्या. सिंह बसलाय, सिंह जांभई देतोय, सिंह पाठ फिरवून चाललाय (शहाणा असावा). आणि वर, "तुम्हाला काय कळणार म्हणा, तुम्ही बहरीनच्या बाहेर पडलायत कुठे!"

हे चौथ्यांदा ऐकल्यावर शिरीष आपट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तो बायकोवर ओरडला, जणू केनियाला अरुणाच जाऊन आली होती.

"सखीरच्या उद्यानात झेब्रे आहेत! खास आफ्रिकेतले! असा फोटो काढतो की सदानंदचा सिंह खलास! पुन्हा तोंड उघडणार नाही तो."

"अहो, ऑगस्ट चाललाय," अरुणा म्हणाली. "प्राणीसुद्धा सावलीत बसले असतील."

पण शिरीषने डोक्यात राख घालून घेतली होती. मित्राची हातभर लांब लेन्स उसनी आली, हॅट आली. मनामाच्या शिंप्याकडून जाड कापडाचा सफारी सूटही शिवून आला, कारण सफारीला सफारीच घालायचा असतो असं त्याचं ठाम मत होतं. (त्या उन्हात बनियनसुद्धा नकोसा व्हावा.)

बायको-मुलीबरोबर त्याची आई, मथुराबाईही निघाल्या. त्या दोन महिन्यांपूर्वी चिपळूणहून आल्या होत्या आणि त्यांची या देशाबद्दल तक्रार एकच होती: जेवणाआधी घास घालायला गाय नाही. रोजचा गोग्रास त्या गॅलरीतल्या कबुतरांना घालत आणि मनातल्या मनात गाईची माफी मागत. आज तर श्रावणी शुक्रवार, पुरणपोळीचा दिवस. नैवेद्याचा डबा त्यांनी पिशवीत टाकला. का, ते कुणी विचारलं नाही. शिरीषने तरी विचारायला हवं होतं.

उद्यानाच्या बसमध्ये नजीब नावाच्या गाइडने आधीच दम भरला. "हाथ बाहर मफी! खाना देना मफी! समझा?" (मफी म्हणजे नाही; एवढं अरबी इथे सगळ्यांना येतं.)

अर्धा तास काही दिसलं नाही. मग एकदम तीन झेब्रे! ओळीने उभे, माना इकडे वळवून. शिरीष घाम पुसत उभा राहिला आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

"शिरू, जरा डबा धर," आई म्हणाल्या. त्याने न बघताच डबा काखेत धरला. बटण दाबणार इतक्यात झेब्रे गायब! समोर नुसतं बदामी रंगाचं काहीतरी.

"हे कोण कडमडलं मध्ये?"

"गाय आली रे!" आई हरखून ओरडल्या. हातातली पुरणपोळी खिडकीबाहेर गेली होती.

"आई! ते हरीण आहे! ईलंड! आफ्रिकेतलं!"

"बैलाएवढं हरीण? गळ्याखाली ही एवढी कातडी लोंबतेय. मला गाय ओळखायला शिकवतोस?"

"बाबा, इट वॉन्ट्स वन मोअर!" आठ वर्षांची लीना टाळ्या पिटत ओरडली.

"हट्! हट्! बाजूला हो!" शिरीष त्या आफ्रिकन प्राण्याला शुद्ध मराठीत हाकलू लागला. बस थांबली. नजीब लालबुंद होऊन मागे आला. मथुराबाई डोळे मिटून, हात जोडून बसल्या होत्या. देवाचं करणाऱ्या म्हातारीला कोण बोलणार? नजीबची नजर फिरत फिरत हॅटवाल्याच्या काखेतल्या डब्यावर येऊन थांबली.

"तुम साब आदमी! पढा-लिखा! खाना तुमने दिया?"

"नो, नो! माय मदर..."

"मदर का नाम लेता है? शरम मफी?"

अख्खी बस शिरीषकडे बघू लागली. कुणीतरी च्‌ च्‌ केलं. हा अन्याय होता, धडधडीत अन्याय! पण तो कुठल्या भाषेत सांगायचा? नजीबने त्याला रखवालदाराच्या जाळीच्या खोपट्यापाशी उतरवून आत बसवलं.

"बसा हं शांत," अरुणा खिडकीतून म्हणाली. "लीनाचं बघून होऊ दे. कॅमेरा असू दे तिच्याकडे."

तासभर तो जाळीआड धुमसत बसला.

रोल धुऊन आला तेव्हा सदानंद नेमका घरी टपकला होता. पस्तीस फोटोंत वाळू, आकाश आणि ईलंडची एक नाकपुडी. छत्तिसावा मात्र लीनाने परतताना बसमधून काढलेला, अगदी स्पष्ट: जाळीआड हॅट घातलेला, दात विचकून मुठी आवळलेला शिरीष.

सदानंदने तो फोटो उजेडात धरून नीट पाहिला. मग त्याने निगेटिव्ह मागून घेतली. (अरुणाने दिलीही!)

शिरीषचं म्हणणं खरं झालं. त्या शुक्रवारपासून सदानंदने सिंह दाखवायचं कायमचं बंद केलं. आता तो शिरीष दाखवतो.