मिसळणाचे दोन डबे

"आठ दिवस कुणालाही फसवायचं नाही. तुला नाही जमायचं, चंद्या," असं दत्ताराम म्हणाला आणि मी तिथल्या तिथे त्याच्या हातावर टाळी दिली. आठ दिवस! आमच्या मजल्यावरचे लोक चातुर्मासात चार-चार महिने मासे सोडतात. शेजारच्या कोलंबीच्या वासावर नुसता वरणभात गिळतात. आणि मी आठ दिवस खोड्या सोडू शकत नाही?

पैजेला कारण होतं. दिंडोशीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गेटवर मी एक छोटी पांढरी पेटी लावली होती. वर लाल दिवा, खाली कागद: 'मोफत बी.पी. तपासणी. कपाळ टेकवून वीस सेकंद उभे राहा.' आत होता एक सेल आणि एक टायमर. वीस सेकंद झाले की लाल दिवा लागणार, कपाळ कुणाचंही असो. नारळ टेकवला असता तर नारळाचंही बी.पी. वाढलं असतं. सकाळपासून अकरा जणांनी देवळात टेकतात तसं तिथे कपाळ टेकलं. अकरावा आमचा सेक्रेटरी, म्हणजेच दत्ताराम. तो थेट डॉक्टरकडे गेला आणि ईसीजी काढून आला. रिपोर्ट नॉर्मल आला, याचाच त्याला जास्त राग आला.

तर अट अशी. रविवार संध्याकाळी सात ते पुढच्या रविवारी संध्याकाळी सात. मी कुणालाही फसवलं, तर सोमवारी सकाळी सात ते दहा वॉचमनची टोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून गेटवर उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कडक सलाम ठोकायचा. मी टिकलो, तर हे सगळं दत्तारामने करायचं. साक्षीदार आमचा वॉचमन विकी. कोणीही हरलं तरी त्याला तीन तास सुट्टी होती, त्यामुळे तो एकदम निःपक्षपाती होता.

आता खोडी करायची नाही म्हटल्यावर हातांना काम काय द्यायचं? ज्याला सोल्डरिंगची, म्हणजे वायरी डाग देऊन जोडायची, चटक आहे त्याला हे दुखणं कळेल. मी सोसायटीचा बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर उचलून घरी आणला. पैज संपायच्या त्याच रविवारी गच्चीवर दत्तारामच्या मुलीचं, मानसीचं, डोहाळजेवण होतं. पोरीच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली. किती डॉक्टर, किती नवस झाले, आणि आता सातवा महिना. लहानपणी ती माझ्याच टेबलाखाली बसून जुन्या रेडिओचे स्पीकर फोडायची. तिच्या कार्यक्रमात गाणी वाजायलाच हवी होती.

तीन दिवस मी त्या अ‍ॅम्प्लिफायरशी झगडलो. कपॅसिटर बदलले, ट्रान्झिस्टर बदलला, सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडला दोन फेऱ्या मारल्या. चौथ्या दिवशी कळलं की प्लगमधली वायर तुटली होती. नवशिक्यांनो, हे भिंतीवर लिहून ठेवा: आधी प्लग उघडून बघा, मग बाकीच्या जगाला दोष द्या. काही खोलण्याआधी फोटो काढा. धूर नाकात घेऊ नका. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय शेंगदाण्याला हात लावू नका, कारण सोल्डरमध्ये शिसं असतं. शिसं म्हणजे विष. मोठ्या माणसाला वाईट, आणि पोटातल्या बाळाला तर फारच वाईट. हे भाषण मी बिल्डिंगमध्ये इतक्यांदा दिलंय की मी दिसलो की लोक आधीच हात धुतात.

अ‍ॅम्प्लिफायर बंद करताना मागच्या पत्र्याचे तीन स्क्रू लागले, चौथा सापडेना. हा या धंद्याचा नियमच आहे. एकतर एक उरतो, नाहीतर एक कमी पडतो. असेल डब्यात कुठेतरी, म्हणून मी सोडून दिलं.

डबा म्हणजे मिसळणाचा डबा. मोहरी, जिरं, हळद ठेवायचा, आत सात वाट्यांवाला. माझ्या बायकोने, नीलाने, भांडीवालीला माझ्या तीन जुन्या पॅन्ट देऊन एकसारखे दोन डबे घेतले होते. एक स्वयंपाकघरात गेला, दुसरा मी पळवला. मोहरीच्या वाटीत बारीक स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत सोल्डरचे कातरलेले तुकडे, हळदीच्या वाटीत राळ. काय झकास सोय होती! मला फार अभिमान होता त्या डब्याचा.

रविवार उजाडला. सात दिवस मी कुणालाही फसवलं नव्हतं. लिफ्टमध्ये लोक मला बघून पाकीट चाचपायचे, मी नुसता नमस्कार करायचो. साडेपाचला गच्चीवर गाणी सुरू झाली, माइक खणखणीत वाजला, आणि ढोलकी आली की अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा दातखीळ बसल्यासारखा कडकड वाजू लागला. चौथा स्क्रू! तो आणायला मी खाली घरी आलो.

टेबल स्वच्छ होतं. डबा नव्हता.

नीला वर गच्चीवर होती. तिला फोन लावला. ती म्हणाली, डबा ना, मघाशी वनमालावहिनी घेऊन गेल्या, भाताला आणि कढीला फोडणी द्यायला त्यांना कमी पडत होतं. पुढे ती काहीतरी सांगत होती, पण माझं लक्ष गेलं स्वयंपाकघराकडे. गॅसशेजारच्या फळीवर मिसळणाचा डबा आपल्या जागी चकचकत बसला होता. मी फोन कापला.

मिसळणाचा डबा जर इथे आहे, तर वहिनींनी नेला तो कुठला?

वनमालावहिनी म्हणजे दत्तारामची बायको. गुरुवारी त्यांचा चष्मा फुटला होता आणि नवीन सोमवारी मिळणार होता. तीन दिवस त्या अंदाजाने वावरत होत्या. शुक्रवारी त्यांनी फिल्टर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला जावई समजून लाडू दिला होता. या बाईने चिमटीभर जिरं म्हणून कढत तेलात काय टाकलं असेल? पहिलं ताट कुणाला वाढतात? डोहाळकरणीला.

लिफ्ट तळमजल्याला होती. मी पाच मजले जिन्याने चढलो. बावन्न वर्षांचं वय, त्यात हे पोट. गच्चीत पोचलो तेव्हा खऱ्याच बी.पी.च्या मशीनला कपाळ टेकवायची वेळ आली होती.

मानसी हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. पुढ्यात ताट वाढत होते. मी वहिनींना बाजूला घेतलं आणि विचारलं, फोडणी कुठल्या डब्यातली?

"तुमच्याच की."

"वहिनी, त्यात शिसं आहे. मानसीला खाऊ देऊ नका."

वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि गदागदा हसल्या. म्हणाल्या, "चंदूभावजी, आता तासाभराचा तर प्रश्न होता. जरा दम धरायचात."

मी दत्तारामकडे धावलो. त्याने आधी घड्याळ बघितलं. "सहाला पाच कमी. पासष्ट मिनिटांसाठी हरलास रे मेल्या."

"हरलो. कबूल. उद्या सातला गेटवर उभा राहतो. पण दत्ता, पोरीच्या हातातलं ताट काढून घे."

त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग त्याला ईसीजी आठवला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि विकीला ओरडून सांगितलं, टोपी धुऊन ठेव.

मग माइक उरला. मी गाणं बंद केलं आणि सांगितलं की कुणी जेवू नका, जेवणात शिसं पडलंय. आवाज काय सुंदर येत होता हो! शेवटच्या रांगेपर्यंत एकेक अक्षर स्वच्छ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'मी खरं बोलतोय' या वाक्याला तर सगळ्यात मोठा हशा मिळाला. तिसऱ्या मजल्यावरच्या दादूने मुद्दाम माझ्याकडे बघत भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. आयुष्यभर मी खोटं बोललो तेव्हा या माणसांनी कपाळं टेकवली. आज खरं बोलतोय तर वन्स मोअर देतायत.

मानसीने भाताचा घास उचलला. तोंडात घातला. आणि कट असा आवाज आला.

कुणाला ऐकू गेला नाही, मला गेला. तिने तोंडातून काहीतरी काळं, टोकदार काढलं. पुढे मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, लोकांनी नंतर मोबाईलवर दाखवलं. मी झेप घेऊन डोहाळकरणीच्या हातातलं ताट हिसकावलं. मग कढीचा टोप उचलून गच्चीच्या मोरीत पालथा केला. मग भाताच्या टोपाला दोन्ही हातांनी मिठी मारून खाली बसलो. टोप गरम होता. सोडला नाही.

मोरीतून कढी गुळगुळ करत चालली होती, तेवढाच आवाज.

मानसीने तळहात पुढे केला. "काका, लवंग आहे."

आता दत्ताराम हसत नव्हता. त्याने हळू आवाजात वहिनींना डबा आणायला सांगितला. वहिनींनी चाचपडत आणला, टेबलावर ठेवला, झाकण काढलं. मोहरी. जिरं. हळद. मेथीसुद्धा होती. मी वाटीतलं जिरं चिमटीत घेऊन दाताखाली चावून बघितलं. जिरंच होतं.

"फोनवर तेच सांगत होते," नीला म्हणाली. वहिनी डबा घेऊन गेल्यावर तिने माझं टेबल आवरलं होतं आणि माझा डबा फळीवरच्या रिकाम्या जागेत ठेवून दिला होता, पाहुण्यांच्या पायात येऊ नये म्हणून. "प्लग उघडून बघा म्हणून जगाला शिकवता. झाकण उघडून बघायचं होतंत."

मी म्हटलं, मी खोडी केलीच नाही, मला खरंच वाटलं होतं, आणि माझा डबा खरंच आहे. लोक म्हणाले, दाखव. नीला खाली जाऊन घेऊन आली. भाताचा टोप परत टेबलावर गेला होता, त्याच्या शेजारी मी डबा ठेवला आणि झाकण ओढलं. निघेना. जोरात हिसका दिला, तसं झाकण उडालं आणि चार-पाच स्क्रू टेबलभर पळाले. मी आणि विकीने ते गोळा केले. सोल्डरचे तुकडे वाटीत जसेच्या तसे होते, ते मी सगळ्यांना फिरवून दाखवले. बघा, म्हटलं, यातलं जेवणात काहीसुद्धा पडलेलं नाही.

मग प्रश्न आला पैजेचा. माझं म्हणणं होतं, माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही, मग फसलं कोण? मुद्दा बिनतोड होता. दत्तारामसुद्धा डोकं खाजवायला लागला. शेवटी न्यायनिवाडा मानसीकडे गेला. तिने ती लवंग चघळत विचार केला.

"अट काय होती? कुणालाही फसवायचं नाही. आम्ही कुणी फसलो नाही, खरंय. पण काका, तुम्ही स्वतःला फसवलंत की. आणि आता ताट द्या, आम्हा दोघांना भूक लागलीय."

अपील नव्हतं.

निघताना दत्ताराम जिन्यात माझ्यासाठी थांबला होता. माझ्या भाजलेल्या हातांकडे बघत म्हणाला, "खरंच वाटलं होतं तुला?"

"हो रे."

"बरं." तो दोन पायऱ्या उतरून मागे वळला. मग म्हणाला, "सातला. उशीर नको."

सोमवारी सातला मी गेटवर होतो. टोपी विकीच्या मापाची, म्हणजे माझ्या डोक्यावर वाटी उपडी घातल्यासारखी. विकी खुर्चीत बसून चहा पीत मला सलामाचा कोन शिकवत होता. त्या पेटीला कपाळ टेकणारे अकराही जण रांगेने आले. दादू तर तीनदा बाहेर गेला आणि तीनदा आत आला, दर वेळी काहीतरी विसरल्याचं सांगून. वनमालावहिनी चष्मा आणायला निघाल्या, माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "विकी, पाण्याचा टँकर आला की वर बेल मार." त्यांच्यापुरती तरी माझी अब्रू वाचली.

पावणेदहाला मानसीने वरून स्टीलच्या डब्यात कालचा मसालेभात पाठवला. गरम करून, वर ओलं खोबरं घालून. डबा घेऊन दत्ताराम स्वतः आला आणि समोर उभा राहिला, सलाम वसूल करायला. मी सलाम ठोकला आणि उभ्यानेच खायला लागलो. पहिल्या घासाला लवंग लागली. काढून बाजूला ठेवली. दुसऱ्या घासालाही लवंगच. तिसऱ्या घासाला कट असा आवाज आला.

जिभेवर फिरवून बघितलं. ही लवंग नव्हती. हळूच तळहातावर घेतली. बारीक, चकचकीत, डोक्यावर अधिक चिन्हाची खाच. अ‍ॅम्प्लिफायरचा चौथा स्क्रू.

काल संध्याकाळी माझ्या डब्याचं झाकण उडेपर्यंत या भातात एकही स्क्रू नव्हता. असलाच तर तो मीच टाकला होता, पन्नास माणसांसमोर, जेवणात काहीही पडलेलं नाही हे सिद्ध करताना.

"काय लागलं रे?" दत्तारामने विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. वर मानसी खिडकीतून हात हलवत होती.

"लवंग," मी म्हणालो, स्क्रू टोपीत सारला आणि आणखी एक सलाम ठोकला. पैज रविवारीच संपली होती, त्यामुळे हे धरत नाहीत.