साहेबांच्या कोटाचं बटण

सरकारी अर्ज भरणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! त्यामुळे अर्धांगवायूच्या झटक्याने सासऱ्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "अपंग भत्त्याचं माझ्यावर सोडा. महिन्याभरात मंजूर!"

भत्ता हवाच होता. बाबा जन्मभर शिंपीकाम करून स्वतःच्या कमाईवर जगलेले. हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंची फी ते मुलाकडून घेईनात. भत्ता नाही तर व्यायाम बंद, असा त्यांचा हट्ट.

तपासणीला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "कसं काय आजोबा?"

"एकदम ठणठणीत!"

"शर्टाची बटणं लावता येतात?"

"अहो, जन्मभर दुसरं केलं काय?"

मी मागून खुणा करून करून दमले. डॉक्टरांना वाटलं, माझीच मान लचकली आहे. त्यांनी मला मलम लिहून दिलं आणि बाबांचा अर्ज नामंजूर केला!

"बाबा, खरं का नाही सांगितलंत?"

"परक्या माणसापुढे रडगाणं गाऊ? काहीतरीच तुझं!"

मग मी अपील ठोकलं. घरी रंगीत तालीम सुरू केली. मी हातात झारा घेऊन अधिकारी व्हायची आणि विचारायची, "हाताला काय त्रास आहे?" बाबा शांतपणे म्हणायचे, "तुमच्या कृपेने काही नाही." सासूबाई भिंतीकडे तोंड करून हसायच्या. शेवटी मी फर्मान काढलं, "तिथे तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी बोलेन!"

सुनावणीच्या खोलीत मी घसा साफ करून सुरुवात केली, "महोदय, माझे सासरे..." पण बाबांचं लक्ष अधिकाऱ्यांच्या कोटावर खिळलेलं. त्याचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं.

"साहेब, कोट काढा."

"काय?"

"काढा म्हणतो ना! असं बाहेर पडतं का कुणी?"

बाबांच्या खिशात सुई-दोरा कायमचाच. आवाजात अशी जरब, की साहेबांनी मुकाट्याने कोट काढला. सुई ओवायला जमेना, तर बाबांनी तेही काम साहेबांनाच लावलं! मग कोट मांडीवर घेतला, त्यावर उजवा हात वजनासारखा ठेवला आणि डाव्या हाताने टाके घालायला सुरुवात केली. दोनदा सुई पडली, दोनदा साहेब टेबलाखाली शिरले. बाहेर ताटकळलेली माणसं दारातून डोकावू लागली. माझं भाषण घशातच राहिलं. आता अपीलही बुडालं, असं वाटून मला रडू यायच्या बेतात होतं.

"हं, घ्या!" म्हणत बाबा ऐटीत उठले. कोट काही सुटेना! बटणाबरोबर त्यांनी स्वतःच्या शर्टाची उजवी बाहीही शिवून टाकली होती. इकडून बाबा ओढतायत, तिकडून साहेब!

"कात्री आणा रे!" साहेब ओरडले.

"खबरदार! कोटाला कात्री लावायची नाही. माझी बाही कापा!"

बाही कापली. साहेबांनी हळूच विचारलं, "आजोबा, सुई लागली तरी कळलं नाही?"

बाबांच्या उजव्या हातावर रक्ताचे बारीक ठिपके होते. ते त्याकडे बघत राहिले. "नाही हो साहेब," ते म्हणाले, "या हाताला आता काहीच कळत नाही."

एवढं एक वाक्य त्यांनी घरातसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

भत्ता मंजूर झाला! पत्र आलं तेव्हा मी घरभर नाचले. व्यायामाच्या बाईंना लगेच फोन केला. बाबा मात्र चष्मा लावून पत्र पुन्हा पुन्हा वाचत बसले.

"सूनबाई, हे काय लिहिलंय? 'शिवणकाम करण्यास असमर्थ'?"

"अहो बाबा, म्हणून तर भत्ता मिळाला!"

"भत्ता राहू दे. या वाक्यावर अपील करायचंय. बटण पक्कं बसलंय की नाही, विचार त्या साहेबाला!"

म्हणून सध्या मी दुसरं अपील लिहितेय. बटण खरंच पक्कं बसलंय हो. साहेबांनीच फोनवर सांगितलं, बाबांच्या बाहीचा तुकडा अजून निघालेला नाही!