आईचा यशवंत

सकाळी सब्जीवाल्याची गाडी गल्लीत शिरली, की आमच्या वरच्या मजल्यावरून सहा फूट उंचीचा, पांढऱ्या दाढीचा एक डॅनिश सुतार खाली उतरायचा, गाडीवरची एक भेंडी उचलून तिचं टोक मोडायचा आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "अगं बाई! मेल्या, जून भेंडी खपवतोस होय रे?"

ही गल्ली लखनौमधली. वृंदावन योजनेतल्या आमच्या गल्लीत मराठी घर एकच, आमचं. त्यामुळे त्या बिचाऱ्या सब्जीवाल्याला यातलं काय कळत असेल, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. शेवटी मी त्याला विचारलंच. तो म्हणाला, "साहब, पूरी तो नहीं, मगर आधी अंग्रेज़ी तो हम समझ ही लेते हैं।"

या माणसाचं खरं नाव येन्स. वय साठीच्या पुढे. एका संस्थेतर्फे वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून आला होता. सरोजिनी नगरजवळच्या एका शाळेत, ज्या मुलांना धड बसता येत नाही, त्यांच्यासाठी लाकडी खुर्च्या बनवायचं त्याचं काम. प्रत्येक मुलाची पाठ वेगळी, म्हणून खुर्चीही वेगळी. वरची खोली आम्ही त्याला भाड्यानं दिली होती. "येन्स हे काय नाव झालं?" असं म्हणून आईनं पहिल्याच दिवशी त्याचं यशवंत केलं. त्यानं तेही इतकं मनावर घेतलं, की गल्लीत कुणी नाव विचारलं तर छातीवर हात ठेवून "यशवंत" सांगायचा.

खिशात घडीची लाकडी पट्टी. दिसेल ते मोजायचं हा त्याचा छंद. आमच्याकडे जेवायला आला की पानावर बसण्याआधी टेबलाची उंची मोजून व्हायची. डुगडुगणारी वस्तू त्याला सहन होत नसे. एकदा आमच्या साहेबांकडे आम्ही सगळे चहाला गेलो असताना हा कोचाखाली आडवा झाला आणि तिथूनच म्हणाला, "जळ्ळं मेलं, याचा एक पाय आखूड आहे!" साहेब कानपूरचे. त्यांना तो डॅनिश आशीर्वाद वाटला.

आता हे सगळं कसं घडलं ते सांगतो. संस्थेनं त्याला बजावलं होतं, की भाषा पुस्तकातून नको, घरातल्या माणसांकडून शिका. मी दिवसभर मानक नगरला, रेल्वेच्या ऑफिसात. माझी बायको नीलिमा बँकेत. आमचा चिन्मय कॉलेजात. घरातलं माणूस म्हणजे आई. आणि आईला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही. शाळेतून दुपारी परतला की तो गॅलरीत तिच्यासमोर बसायचा आणि ती मटार सोलता सोलता त्याला वाईच्या घाटापासून माझ्या आत्याच्या मोडलेल्या लग्नापर्यंत सगळं सांगायची. तो शिकला. आपण हिंदीच शिकतोय असं समजून अस्सल वाईची मराठी शिकला, आणि तीही अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईची. "मी येते हं," म्हणून हा धिप्पाड गडी सकाळी बाहेर पडायचा. नीलिमानं त्याला एकदा "येतो म्हणावं" असं सुचवून पाहिलं. त्यावर तो "अगं बाई, खरंच?" म्हणाला. नीलिमानं नाद सोडला.

त्याला खरं काय ते सांगावं, असं मी दर रविवारी ठरवायचो. आई सांगू द्यायची नाही. "शिकतोय ना? शिकू दे. तुझं काय जातंय?"

माझं काही जात नव्हतं हे खरंच. बाबा गेल्यावर आईला आम्ही इकडे आणलं. लखनौनं तिला काही त्रास दिला नाही. शेजारच्या बायका हात जोडतात, तीही जोडते, आणि तिथं संभाषण संपतं. चिन्मयला मराठी कळतं, पण उत्तर येतं ते "हाँ दादी, बाद में". आणि मीसुद्धा दिवसभराचं ऑफिस तोंडात घेऊनच घरी येतो. तिनं काही विचारलं की "अच्छा, ठीक है" म्हणून मोकळा होतो. तिच्या वाक्याला पुरं वाक्य परत देणारा या शहरात एकच माणूस होता आणि तो डेन्मार्कचा होता.

त्याचं वर्ष सरत आलं तेव्हा म्हणूनच मला एकच काळजी लागली. हा गेल्यावर आईचं काय?

शेवटच्या आठवड्यांत तो राहिलेल्या खुर्च्यांच्या मागे लागला. दाढीत भुसा घेऊन संध्याकाळी परतायचा. आणि नेमकी त्याच दिवसांत आई गप्प झाली. तो गॅलरीत येऊन बसला की ती "चहा घे" म्हणायची आणि जपमाळ काढायची. तो आपणहून आत्याचा विषय काढायचा. "मग त्या मुलाकडच्यांनी काय केलं?" आई म्हणायची, "सांगून झालंय." मग दोघंही समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायची. सब्जीवाल्याकडेसुद्धा तो आता मुकाट्यानं भेंडी घ्यायचा. सब्जीवाल्यानं मला काळजीनं विचारलं, "साहब की तबीयत तो ठीक है?"

शाळेत त्याच्या निरोपाचा कार्यक्रम होता तेव्हा मी त्याला आणायला गेलो. वर्कशॉपच्या दाराशीच थांबलो. आत एक बाई आपल्या मुलीला नव्या खुर्चीत बसवून उभी होती, आणि यशवंत तिच्यासमोर गुडघ्यावर बसून सांगत होता, "अम्मा, घबराइए मत। बिटिया बड़ी हो जाए तो ये दो पेंच खोलकर पटिया नीचे कर दीजिएगा। एक पटिया मैं अलग से बना के रख जाऊँगा।"

लखनवी हिंदी. स्वच्छ, अदबशीर, आणि पुल्लिंगी!

गाडी कानपूर रोडला लागली. मग विचारलं, "तुला हिंदी येतं?"

"येतं की," तो म्हणाला. "शाळेत न येऊन कसं चालेल?"

"कधीपासून?"

"थंडी पडली तेव्हापासून."

"आणि आपण घरी मराठी बोलतो, हे?"

"ते त्याच्याही आधी कळलं मला."

"मग सब्जीवाल्याशी मराठी का बोलायचास?"

"आजी गॅलरीत असते ना."

मी म्हटलं, "आईसाठी किती केलंस रे तू!"

"आजीसाठी?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "नाही रे. माझ्यासाठी. हिंदीत सगळे विचारतात, कुर्सी कब बनेगी. आजी विचारते, डोळे का लाल झालेत, झोपला नाहीस का. तिकडे माझ्या घरात कुणी नाही. दुकानात पाव घेताना थँक्यू म्हणते, तेवढंच माझं दिवसभराचं बोलणं." आमच्यापुढे अडलेला ट्रक सरकेपर्यंत तो खिशातल्या पट्टीची घडी उघडत-मिटत राहिला. "आता आजीपण बोलत नाही. मी काय चुकले?"

ते 'चुकले' ऐकून त्या दिवशी मला हसू आलं नाही.

घरी आल्यावर आईला एकटीला गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, चकित होईल.

"माहितीये," ती म्हणाली. "वरच्या खोलीतून फोनवर हिंदी बोलतो ते ऐकू येत नाही होय मला? कान शाबूत आहेत माझे."

"मग आता बोलत का नाहीस त्याच्याशी? त्याला वाटतंय तू रागावलीस."

"सवय मोडतेय. तो गेल्यावर एकदम मोडायची म्हणजे फार जड जाईल रे."

पुढचे दिवसही असेच गेले.

तो निघाला त्या दुपारी टॅक्सी दारात आली होती. बॅगा खाली गेल्या. नीलिमानं वाटेसाठी लाडू दिले, चिन्मयनं मिठी मारली. यशवंत गॅलरीत गेला आणि आईच्या पाया पडायला वाकला. आईनं त्याचा दंड धरला.

"बस जरा."

तो बसला.

"वर्षभर माझ्याच भाषेत बोललास. तुझी कशी असते, ते कुणी विचारलंच नाही तुला. बोल बघू काहीतरी."

तो हसला. "आजी, तुला कळणार नाही."

"तुला तरी पहिल्या दिवशी माझं कुठं कळत होतं? बोल."

त्यानं एक वाक्य उच्चारलं आणि ओशाळून थांबला. आईनं मान डोलावली. "हं. मग?"

मग तो बोलू लागला. आधी चाचरत, नंतर सलग. त्याचा आवाजच वेगळा लागला, खालच्या पट्टीतला, जडसर. वर्षभर घरात वावरलेल्या या माणसाचा स्वतःचा आवाज आम्ही आज पहिल्यांदा ऐकत होतो. तो काय सांगत होता कुणास ठाऊक. हातानं मध्येच कसली तरी उंची दाखवली, एकदा स्वतःशीच हसला, मग मनगटानं डोळे पुसले. आईनं त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"असं होय," ती म्हणाली. "बरं, मग?"

खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. मी जिन्यानं धावत उतरलो.

"साहब को बुलाइए," तो म्हणाला, "देर हो रही है।"

मी म्हटलं, "भैया, ज़रा रुकिए। अभी-अभी तो बोलना शुरू किया है।"