गच्चीवरची चार अंडी

एका जंगलाच्या मधून एक नदी वाहत होती, मुलांनो. तिला नाव नव्हतं. नावं देतात ते सुधारलेले प्राणी, आणि ते अजून यायचे होते.

आधी सगळे नुसते पाणी प्यायला येत आणि निघून जात. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की पूर ओसरला की काठावर काळाभोर गाळ उरतो, आणि त्या गाळात बी पडलं की छातीएवढं पीक उभं राहतं. मग निघून कोण जातो? सगळे तिथंच राहिले.

राहायचं कुठं आणि पेरायचं कुठं, हे टिटवीवरून कळायचं. ती बोलून काही सांगत नसे. वैशाख सरता सरता ती उघड्या जमिनीवर चार खडे बाजूला सारायची आणि चार अंडी घालायची. त्या वर्षीचा पूर अंड्यांच्या खालीच थांबायचा. अंड्यांच्या खाली पेरायचं, वर राहायचं. एवढा एकच कायदा होता, आणि तो कुणाला पाठ करावा लागत नसे.

पीक आलं. खाऊन उरलं. उरलं म्हणून कणगी आली. कणगी आली म्हणून राखणदार आला. राखणदाराला काम नव्हतं, म्हणून तो राजा झाला. राजा काय काम करतो असं कुणी विचारू नये, म्हणून शास्त्री आला. मुलांनो, याला संस्कृती म्हणतात.

राजा म्हणजे गवाराव. अंगानं डोंगर, आणि बसले की उठायचे नाहीत. शास्त्री म्हणजे साळिंदर. तो स्वतःच्याच पाठीचा काटा उपटून त्यानं भूर्जपत्रावर लिहायचा. काटे वाया जाऊ नयेत म्हणून गवारावांना आवडेल तेवढंच लिहायचा.

पुढं चार-पाच वर्षं पूर लहान आले. टिटवी पार पाण्याशेजारी अंडी घालू लागली. तेव्हा गवारावांनी गाळाच्या रानातच घरं बांधायला काढली. वसाहतीचं नाव ठेवलं 'नदीदर्शन'. मधोमध सभागृह उभं राहिलं. त्याला मोठी गच्ची, गच्चीवर बारीक खडी.

आणि त्या वर्षी टिटवी काठावर थांबलीच नाही.

ती मुंग्यांच्या रांगेमागं चालत होती. मुंग्या तोंडात अंडी धरून वर निघाल्या होत्या. टिटवी शेतं ओलांडून गेली. कणगी ओलांडून गेली. नदीदर्शनमधली घरं ओलांडली. मुंग्या सभागृहाच्या भिंतीवर चढल्या. टिटवी उडून गच्चीवर जाऊन बसली.

"अगं, इथं?" टिटवा म्हणाला. "मोठ्या लोकांची गच्ची आहे ही."

"अहो, पाणी लहान-मोठं बघतं का?" टिटवी म्हणाली आणि खडी सारू लागली.

चार अंडी गच्चीवर दिसली, तसा नदीदर्शनमध्ये एकच गलका झाला. सभा भरली.

"म्हणजे पाणी गच्चीच्या काठापर्यंत येणार?" रानडुकरीण ओरडली. "अहो, मी परवाच अंगण सारवून घेतलंय!"

"शांत व्हा," गवाराव बसल्या बसल्या म्हणाले. "टिटवीबाई, कशावरून घातलीत इथं?"

"मुंग्या वर आल्या, म्हणून."

"आता मुंग्यांना विचारून राज्य चालवायचं का?" साळिंदर म्हणाला. सभा खदखदून हसली. हसू आलं की सभेचं भय जातं, हे शास्त्रीबुवांना पक्कं ठाऊक होतं. मग त्यानं एक काटा उपटला. "महाराज, मी जुनी पानं चाळली. अंडी खाली होती, तेव्हा पूर खाली राहिला. अंडी वर गेली, म्हणून पूर वर येणार. मग दोष कुणाचा?"

"अंड्यांचा!" माकडं ओरडली.

"मग उपाय?"

"अंडी खाली!"

टिटवी पंख पसरून अंड्यांवर बसली. "हात लावू नका. दहा-बारा दिवसांत फुटतील. पिल्लं पायावर उभी राहिली की जाते मी. तुमची गच्ची काही खात नाही."

"बाई, सगळ्या समाजाचा प्रश्न आहे," गवाराव म्हणाले. "तुम्ही आपलंच घेऊन बसलात."

मग ढोल वाजवत मिरवणूक निघाली. माकडांनी चारी अंडी केळीच्या पानावर ठेवून मिरवत खाली नेली आणि थेट पाण्याच्या कडेला वाळूत ठेवली. साळिंदरानं लिहिलं, 'यंदाचा पूर नदीकाठच्या पुढं येणार नाही.' टाळ्या झाल्या. रानडुकरिणीनं त्याच संध्याकाळी अंगणापुढं ओटा बांधायला घेतला.

"चल इथून," टिटवा म्हणाला. "पुढच्या साली दुसरी घालू."

"तुम्ही जा," टिटवी म्हणाली आणि वाळूत अंड्यांवर बसली. टिटवा गेला नाही. तोही शेजारी उभा राहून नदीकडं बघत राहिला.

ती रोज दोन गोष्टी बघायची. पाणी किती पुढं आलं, आणि अंड्यातून आवाज येतो का. दहाव्या दिवशी आतून टकटक ऐकू आली. अकराव्या दिवशी सकाळी पहिलं पिल्लू बाहेर आलं. मग दुसरं. आभाळ स्वच्छ होतं. नदीदर्शनमधल्या बायका धान्य वाळत घालत होत्या.

दुपारी पाण्याचा रंग बदलला. डोंगरात कुठंतरी पाऊस झाला होता. पाणी तांबडं झालं, त्यावर फेस आला, फेसावर काटक्या आल्या.

टिटवी उडाली आणि घराघरांवरून ओरडत गेली. "पाणी आलं! वर चला! पाणी आलं!"

"मेली अपशकुनी," रानडुकरीण म्हणाली. "इथं ऊन पडलंय लख्ख!"

साळिंदर बाहेर आला. त्यानं लांबूनच वाळूकडं बघितलं. "अंडी अजून खालीच आहेत ना? मग पूर कसा येईल?" आणि तो आत गेला.

टिटवी परत आली, तेव्हा तिसरं पिल्लू ओल्या अंगानं उभं राहायला बघत होतं. चौथ्या अंड्याला चीर गेली होती. आतून टकटक चालू होती. पाणी वाळूवर चढलं, मागं गेलं, पुन्हा चढलं.

"थोडा वेळ," टिटवी म्हणाली.

पाण्याला कुणी सांगावं?

तिनं तिघांना पुढं घातलं. टिटव्यानं वाट दाखवली. चढावर पोचून तिनं मागं बघितलं, तर तिथं वाळू नव्हती.

नदीदर्शन दोन घटकांत गेलं. कणगी गेली. रानडुकरीण ओट्यासकट गेली. गवाराव आणि साळिंदर तेवढे जिना चढून गच्चीवर पोचले. पाणी गच्चीखाली एक वीत राहिलं आणि तिथंच थांबलं. टिटवीनं खडी सारून केलेल्या खळग्यावरच गवाराव दोन दिवस बसून होते. जागा सपाट होती, असं ते नंतर म्हणाले.

पूर ओसरला. सगळीकडं हातभर काळा गाळ उरला होता. असा गाळ कुणी पाहिला नव्हता. झाडांवर नि चढावर पळून जे वाचले होते, त्यांनी पेरलं, आणि दुप्पट पिकलं. पोटं भरली, तसं रडणं थांबलं.

साळिंदरानं इतिहास लिहिला. त्याला सात काटे लागले. 'गवारावांनी दूरदृष्टीनं गच्ची बांधली होती, म्हणून संस्कृती वाचली. पूर टिटवीमुळं आला. तिनं गच्चीवर अंडी घालून पाण्याला वाट दाखवली.'

पुढच्या वैशाखात टिटवी आली नाही. ती पिल्लांना घेऊन पलीकडच्या माळावर गेली होती. मग सभेनं ठराव केला. दगडाची चार अंडी घडवली आणि नदीच्या अगदी काठावर चुन्यात पक्की बसवली. आता ती कुणाला हलवता येणार नव्हती, आणि ती स्वतःहून वर जाणार नव्हती. त्यांना लागूनच घरं बांधायला काढली. नदीदर्शन, टप्पा दुसरा.

एकदा टिटवी तिथून उडत चालली होती. चार अंडी बघून खाली उतरली. तिनं एकेका अंड्याशी डोकं टेकवलं. चौथ्याशी जरा जास्त वेळ ऐकत राहिली.

मग मुंग्या कुठं चालल्यात ते बघितलं, आणि उडून गेली.

तात्पर्य : संकटाची खूण दिसली, की ती उचलून आपल्या सोयीच्या जागी ठेवावी. त्यानं संकट टळत नाही, पण सभा शांत होते. आणि तरीही संकट आलंच, तर गच्ची आपली असावी. म्हणून मुलांनो, शहाणं व्हायच्या मागं लागू नका. गच्ची बांधा.