मास्तरांचा कमी खाणारा कॉम्प्युटर

२००५ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि अख्ख्या हिंगोलीत माझ्याएवढी बॅटरी कुणाला कळत नाही, असं मी स्वतःच लोकांना सांगत फिरायचो. शाळा तिसरीत सुटली. पण ट्रॅक्टरची बॅटरी नुसती हलवून आत पाणी किती ते सांगणारा माणूस मी. त्या साली मी जे केलं ते सांगायची लाज वाटते, म्हणून आधी दिगंबर मास्तरांचं सांगतो.

मास्तर शाळेचे नव्हेत, तारऑफिसातले. रिटायर झालेले, बायको वारलेली, लेक लांब. त्यांच्या खिशात पेनाच्या जागी करंट मोजायचा मीटर असायचा, आणि कुठलीही वस्तू दिसली की त्यांचा एकच सवाल, "खातो किती?" बल्ब असो, पंखा असो, पिठाची गिरणी असो. माझ्या भाच्यानं टीव्ही घेतला आणि पेढे वाटायला बोलावलं, तर मास्तर पेढा तोंडात टाकून टीव्हीच्या मागं गेले ते अर्ध्या तासानं बाहेर आले. एकदा माझा जावई आला होता. त्याची ओळख करून दिली तर वरून खाली बघत म्हणाले, "खातो किती?" जावई बिचारा लाजून म्हणाला, "चार भाकरी." मास्तर म्हणाले, "एवढ्यात तर तीन ट्यूबलाइट जळतात."

या येडेपणाला कारण होतं. मास्तरांकडे सरकारी परवान्याचा हौशी रेडिओ होता. बोलायचा आणि ऐकायचा, दोन्ही. मास्तर त्यावर तारेच्या भाषेत बोलायचे, कट्ट-कडकट्ट. गावात विजेच्या तारांची खरखर, म्हणून दर रविवारी सेट पत्र्याच्या पेटीत घालून एसटीनं सिद्धेश्वर धरणाच्या माळावर जायचे. लिंबाला तार टांगायचे आणि समुद्राकाठच्या एका म्हाताऱ्याशी गप्पा मारायचे. वीस वर्षांची दोस्ती, एकमेकांचं तोंड न बघता. सेटची बॅटरी माझ्या चार्जिंगच्या दुकानातून भरून न्यायचे. जेवढं कमी खाणारं सामान, तेवढ्या जास्त गप्पा.

तर त्या साली मास्तरांनी काढलं कॉम्प्युटरचं. सेटमधला कट्ट-कडकट्ट त्यात सोडला की पडद्यावर अक्षरं उमटतात म्हणे. दोस्तानं त्यासाठी एक फ्लॉपी टपालानं पाठवली होती.

"मास्तर," मी म्हणालो, "कान धडधाकट असताना हे नखरे काहून?"

मास्तर फ्लॉपी धोतराला पुसत बसले. मला वाटलं, गप केलं.

घाई होती. दोस्त लेकीकडं परदेशी निघाला होता. येता रविवार, संध्याकाळी पाच, त्यानंतर त्याचा सेट मोडीत. आम्ही नांदेडला जुन्या कॉम्प्युटरांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन काढले. एक पाटीएवढा, काळ्यापांढऱ्या पडद्याचा, बॅटरीला सरळ जोडला की चालणारा. दुसरा टेबलावरचा, रंगीत, भोपळ्यासारख्या डोक्याचा. त्याला घरची लाइट लागते, म्हणजे बॅटरी आणि त्याच्या मध्ये इन्वर्टर आला. आणि इन्वर्टर मी स्वतःच्या हातानं बनवायचो.

मास्तरांनी मीटर लावला. "हा एक अँपिअर खातो, तो दहा. शेषराव, हा लहानगा बरा."

"हे डबडं? अहो, माळावरचे मेंढरंवाले हसतील तुमाला! बैल घ्यायला आलो न आपण, मग करडू काहून न्यायचं? खाऊ द्या त्याला दहा, मी ट्रॅक्टरची बॅटरी लावतो. इन्वर्टर माझा. बंद पडला तर मिशी उतरवीन."

खरं कारण एवढंच, की लहानगा घेतला तर माझ्या इन्वर्टरला कामच उरत नव्हतं. मास्तर माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या भरवशावर सोडतो."

रविवारी आमचं बिऱ्हाड एसटीत चढलं. ट्रॅक्टरची बॅटरी, इन्वर्टर, पेटी, आणि भोपळा माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "मामा, लेकीच्या घरभरणीला निघाले का?" मी छाती काढून म्हणालो, "परदेशाशी बोलणी हायेत." उगंच. दोस्त अजून कोकणातच होता.

पाचला पाच मिनिटं कमी. माळावर मेंढरं, लिंबाला तार. मी इन्वर्टरचं बटण दाबलं. पडदा रंगीत झाला आणि त्याच दमाला रेडिओ बोंबलू लागला, घूंऽऽ. एखाद्या मडक्यात गांधीलमाशा कोंडाव्यात तसा. मला तिथंच कळलं. आवाज माझ्या इन्वर्टरचा होता.

मास्तर मात्र शांत. पडद्याकडं बघत बसलेले. पडद्यावर नुसता कचरा, टिंबं, आकडे, प्रश्नचिन्हं. आणि त्या घूंऽऽच्या खालून मला ऐकू आलं, बारीक, लांबून, कट्ट-कडकट्ट, कट्ट-कडकट्ट. थांबायचं, परत यायचं. कुणीतरी दार ठोठावावं तसं.

मास्तरांनी पडदा सोडला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. "शेषराव, कुणाचा आवाज येऊन राहिला का?"

हो म्हणावं, तर मग पडद्यावर कचरा काहून, हे सांगावं लागलं असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "नुसती खरखर हाय."

वीस मिनिटं तो माणूस हाका मारत होता. मग थांबला.

"आला न्हाई म्हणायचा," मास्तर म्हणाले, आणि तार गुंडाळायला लागले. गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडं पाठ करून, म्हणाले, "चार महिने झाले, मला ऐकू येत न्हाई. तोंडाकडं बघून अंदाज काढतो. फक्त त्याला पत्रानं कळवलं होतं, म्हणून त्यानं फ्लॉपी पाठवली. तुमी कुणाला बोलू नका, रेडिओवाला बहिरा म्हणून पोरं हसतील." तार पेटीत टाकून म्हणाले, "आज जमलं न्हाई तर सेट मोडायच्या आधी उद्या सकाळी सातला अजून एकदा हाक मारतो, असं पत्रात म्हणला होता. पण आजच आला न्हाई, तर उद्या कशाला येईल."

आणि त्या माणसाला मी विचारलं होतं, कान धडधाकट असताना नखरे काहून!

तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोललो. भोपळा मांडीवर घेऊन हिंगोलीपर्यंत खिडकीबाहेर बघत आलो. कंडक्टरनं विचारलं, "झाली का मामा बोलणी?" मी झोपेचं सोंग घेतलं. रात्री भाकर गिळली नाही. बायको म्हणाली, बॅटरी फुटली का काय. मी तिच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी खांद्यावर लहान बॅटरी घेऊन मास्तरांचं दार वाजवलं. मग आठवलं, वाजवून उपयोग काय. कडी काढून आत गेलो. सहालाच लोडशेडिंग सुरू झालेलं, अख्ख्या गावात एक तार जिवंत नव्हती, तेव्हा खरखरही नव्हती. मोठ्यानं सांगावं तर गल्ली ऐकणार आणि त्यांचं बिंग फुटणार. म्हणून इन्वर्टरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला होता. त्यावर माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, "तो काल आला होता. मी ऐकलं. इन्वर्टरची चूक झाकायला खोटं बोललो."

मास्तरांनी वाचलं. दोनदा वाचलं. माझ्याकडं बघितलं नाही. पेटी उचलली आणि घरावरच्या माळवदावर चढले.

त्यांनी तार टांगली, मी बॅटरी सरळ सेटला जोडली, मधे इन्वर्टर नाही. सातला सेट वाजला, साफ. मी त्यांच्यापुढं मांडी घालून बसलो आणि त्यांचा हात ओढून घेतला. त्यांनी झटकला. मी परत घेतला. कट्ट झालं की तळव्यावर बोट नुसतं टेकवलं, लांबडं कडकट्ट झालं की जरा वेळ दाबून धरलं. मला त्यातलं एक अक्षर समजत नव्हतं. थोड्या वेळानं मास्तरांचा हात ढिला पडला आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

"माझं नाव घेऊन राहिला," ते म्हणाले. "थांबू नका."

मी वर बघितलं नाही. दाबत राहिलो.