शांताआक्काचे मोर

वसंतअण्णा कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी चूक मागतात.

"ह्या आठवड्यात काय चुकलं का न्हाय?" चपला काढता काढता त्यांचा हा प्रश्न असतो. नव्या माणसाला तो उद्धटपणा वाटतो. वडगावच्या विणकर गल्लीत मात्र रविवारी सकाळी लोक चुका तयार ठेवून त्यांची वाट पाहतात.

अण्णा मच्छे गावातल्या एका छोट्या कंपनीत नोकरीला आहेत. वर्तमानपत्राची नोकरी सुटल्यावर मीही तिथेच लागलो. साडीचा काठ आणि पदर लिहिण्यासाठी कंपनीने एक लहानशी भाषा केली आहे. विणकराने मोबाइलवर लिहायचे: मोर, मग कोयरी, मग मोर उलट. हे लिखाण मागाला समजेल अशा आज्ञांत उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. चुकीच्या लिखाणाला कंपायलर जे संदेश देतो, त्यांचे मराठी मी पाहतो. कंपायलरची परीक्षा, म्हणजे टेस्ट, अण्णा घेतात.

परीक्षा घेण्याचा हा स्वभाव त्यांच्या घरातही शिरला आहे. कुलूप लावले की ते चुकीच्या किल्लीने उघडून बघतात. "बरोबर किल्लीनं उघडतंय ह्यात काय नवल? चुकीच्या किल्लीनं उघडाय नको." त्यासाठी ते शेजाऱ्यांच्या किल्ल्या मागून आणतात. एकदा समोरच्या घराच्या किल्लीने त्यांचे कुलूप खरोखरच उघडले. त्या संध्याकाळी अण्णांनी चाळीत खव्याचा कुंदा वाटला.

ऑफिसातही तेच. सगळ्या टेस्ट पहिल्याच झटक्यात पास झाल्या की त्यांचा चेहरा उतरतो. "टेस्ट झोपल्यात," म्हणतात, आणि कंपायलरमध्ये मुद्दाम एक बिघाड करून त्या जाग्या आहेत का ते बघतात.

गल्लीतून आणलेली चूक अण्णा धान्यासारखी निवडतात. पूर्ण साडीच्या लिखाणातून एकेक ओळ काढत जायचे, बिघाड जिथे आहे तेवढेच ठेवायचे. उरलेल्या दोन-चार ओळी म्हणजे एक टेस्ट. तिला नाव द्यायचे ते चूक ज्याच्या घरी सापडली त्या माणसाचे. गल्लीत याचा मान वाटतो. एका चुकीवरून दोन सख्ख्या जावांत भांडण झाले होते. चूक आधी कुणाची, यावर. अण्णांनी दोघींच्या नावाची एकच टेस्ट केली. आता नाव आधी कुणाचे, यावर भांडण आहे.

'शांताआक्का' ही टेस्ट मात्र विणकराच्या चुकीतून आलेली नव्हती. शांताआक्का गल्लीतली जुनी विणकर. तिची लिहायची तऱ्हा वेगळी. इतर लोक उजव्या काठासाठी सरळ 'मोर' लिहितात आणि डाव्यासाठी 'मोर उलट'. आक्का डावा काठ आधी लिहिते, मोर उलट करून. आणि उजवा काठ म्हणजे अख्ख्या डाव्या काठाचे उलट. उलटाचे उलट म्हणजे पुन्हा सरळ मोर. हिशेब बरोबर होता. कंपायलरच्या पहिल्या आवृत्तीला तो जमला नाही. नमुन्याच्या सुती कापडावर उजव्या काठाचे मोर बाहेर तोंड करून आले.

"नवरा-बायकोचं भांडण झाल्यागत दिसतंय," आक्का म्हणाली. "आन् चूक तुमची, तर नाव माझं का ओ अण्णा?"

"घावली तुमच्याकडं म्हणून."

यंदा नवी आवृत्ती निघायची होती आणि तिच्यावरची पहिली साडी आक्काचीच ठरली. लेकीच्या लग्नाची साडी. रेशीम एका साडीपुरतेच आणलेले, लग्न तोंडावर आलेले. मोर पुन्हा बाहेर बघायला लागले, तर दुसरे रेशीम नव्हते आणि वेळही नव्हता.

त्याच सुमारास आमच्या प्रमुख स्नेहल मॅडम यांनी टेस्ट कमी करायला काढल्या. प्रत्येक बदलानंतर सगळ्या टेस्ट संपेपर्यंत खोळंबून बसावे लागत असे. तक्रार रास्त होती. अण्णांनीही बऱ्याच टेस्ट स्वतःहून काढल्या. दोन टेस्ट एकच बिघाड पकडत असतील, तर एक पुरे. त्या दोन जावांची टेस्ट गेली तेव्हा त्यांनी मला बजावले, "गल्लीत बोलू नका." 'शांताआक्का'पाशी दोघे अडले.

"अण्णा, उलटाचं उलट कोण लिहिणार आहे?"

"शांताआक्का लिवत्यात."

"एका बाईसाठी ठेवायची?"

"साडी एका वेळी एकच बाई नेसती, मॅडम."

मॅडम हसल्या. टेस्ट राहिली.

नंतर मॅडमनी कंपायलर जलद करण्यासाठी एक सुधारणा केली. लिखाणातले वाढीव शब्द तो आता आधीच गाळणार होता. टेस्ट चालवल्या. सगळ्या पास, एक नापास. नव्या सुधारणेने लागोपाठचे दोन 'उलट' एकच धरले होते. स्क्रीनवर लाल अक्षरांत 'शांताआक्का' एवढेच दिसत होते. मॅडमनी बदल दुरुस्त केला, टेस्ट पुन्हा चालवल्या आणि अण्णांच्या टेबलावर स्वतः चहा आणून ठेवला.

रविवारी अण्णांबरोबर मी वडगावला गेलो. साडी मागावर चढली होती. अण्णा कापडाकडे बघेनात. आक्काच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. वीतभर काठ विणून झाला तशी आक्काने माग थांबवला, वाकून डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले.

"आत बघाय लागल्यात," ती म्हणाली. "दोन्हीकडचं."

अण्णा मग कुठे खाली बसले. आक्काच्या लेकीने पाणी आणले, ते त्यांनी एका दमात संपवले. मग उठले, चपला पायात सरकवल्या आणि दारातच घोटाळले. अण्णांचा मुलगा बंगळुरूला, घरी दुसरे कुणी नाही. मच्छ्याला परतायची घाई त्यांना कधीच नसते.

"फुडच्या रविवारी कवा येताय?" आक्काने विचारले.

"आता न्हाय, आक्का. नव्या टेस्ट बंद केल्यात हापिसानं. चुका गोळा करायचं काम संपलं."

"असं कसं संपलं? मी करून ठिवते की एक."

"केलेली चूक चालत न्हाय. झालेली लागती."

आक्काने स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवले.

"मग बसा हितंच. व्हईल."

तिने माग सुरू केला. त्या खडखडाटात अण्णा काय बोलले, ते मला ऐकू आले नाही. पण त्यांनी चपला काढल्या.