भरल्या हातांच्या फ्राउ क्रेमर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या फ्राउ क्रेमर रिकाम्या हाताने जिनासुद्धा उतरत नसत. दाताच्या डॉक्टरकडे जाताना मुरंब्याची बरणी, पोस्टमनला उकडलेलं अंडं. हीटरचं मीटर बघायला आलेला माणूस घाईत होता, तर त्याच्या खिशात त्यांनी दोन सफरचंदं कोंबली. "मोकळ्या हातानं कुणाच्या पुढ्यात उभं राहू नये. गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. स्वतःच बोलायचं, स्वतःच दुजोरा द्यायचा.

२००५ साली नोकरीसाठी आम्ही जर्मनीत रेगेन्सबर्गला आलो. सामान अजून जिन्यात होतं आणि या बाई निळ्या पातेल्यात बटाट्याचं सूप घेऊन दारात हजर. "शेजारचं भांडं कुणी रिकामं परत करतं का?" असं म्हणत माझ्या बायकोने, शुभदाने, त्यात शिरा भरून पाठवला. तिसऱ्या दिवशी त्याच पातेल्यातून केक आला. मग पोहे गेले, नूडल्स आल्या. दोघीही हटेनात. दिवाळीपर्यंत माझी पँट कमरेला बसेना, आणि शुभदा ऑफिसातून दमून आली की आधी "आज पातेल्यात काय घालू रे?" म्हणून वैतागायची.

शेवटी एका शनिवारी मी शहाणपणा केला. पातेलं लख्ख घासलं आणि रिकामंच वर नेऊन दिलं.

त्यांनी झाकण काढून आत पाहिलं. "आल्झो..." म्हणजे 'अच्छा, तर मग'. "केक आवडला नाही का, हेर साने?"

"आवडला हो! पण तुम्हाला उगाच त्रास. आता काही पाठवू नका."

फ्राउ क्रेमर मला आत घेऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर सिलेझियातून, म्हणजे आताच्या पोलंडमधून, हाकललेल्या जर्मन कुटुंबांपैकी त्यांचं एक, हे मला तेव्हा कळलं. त्या नऊ वर्षांच्या होत्या. याच शहरात, कुणाच्या तरी घरात माळ्यावरची खोली मिळाली.

"घरमालकीण रोज दूध द्यायची. कधी नाही म्हणाली नाही. एकदा आईनं बिस्किटं भाजली आणि दुधाच्या भांड्यात घालून माझ्याबरोबर खाली पाठवली. बाईंनी ती तशीच परत दिली. म्हणाल्या, तुमच्याकडचं नको." त्या पदराआड लपवावेत तसे दोन्ही हात एप्रनखाली घेऊन बसल्या होत्या. "आम्हाला सगळ्यांनी दिलं, हेर साने. आमच्या हातचं कुणी घेतलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुकताच पोटभर जेवून आलो होतो. तरी खुर्ची ओढली आणि म्हणालो, "भूक लागलीय. आज काय केलंय?"

त्या इतक्या लगबगीने उठल्या की चष्मा खाली पडला. मसुराचं सूप होतं, चक्क तळाला लागलेलं. मी ते दोनदा मागून घेतलं.